दोन गाणी, बसून

सतरंजी धुताना पाय मोडला, असं हेल्का सगळ्यांना सांगायची. ते खोटं नव्हतं, फक्त निम्मं होतं. ऑगस्ट सरता सरता लोइमा गावच्या बायका नदीवरच्या लाकडी धक्क्यावर चिंध्यांच्या सतरंज्या घासायला जमतात, तशी तीही गेली होती. पाचही सतरंज्या पाइनच्या साबणानं घासून, पिळून दांडीवर पडल्या. बाकीच्या बायका कॉफीला गेल्या. धक्क्यावर चिटपाखरू नाही असं बघून हेल्कानं लांब दांड्याचा ब्रश कमरेशी धरला आणि टँगोची एक गिरकी घेतली. गिरकी झकास जमली. साबण लागलेल्या फळ्यांवर थांबणं तेवढं जमलं नाही. ब्रशला ओरखडाही आला नाही, हेल्काच्या डाव्या पावलाची दोन हाडं मोडली.

आरोग्य केंद्रातला डॉक्टर तिच्या हातची वाटाण्याची आमटी खाऊन मोठा झालेला होता. गावातला पन्नाशीच्या आतला जवळपास प्रत्येक माणूस तसाच आहे, कारण हेल्कानं शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. दर गुरुवारी वाटाण्याची आमटी आणि भाजलेला गोड पोळा. चारशे पोरं रांगेत उभी, हेल्काच्या हातात पळी, आणि वाढताना तिच्याकडे बघून ‘नको’ म्हणायची एकाचीही छाती नसे.

डॉक्टरनं गुडघ्यापर्यंतचा पट्ट्यापट्ट्यांचा काळा बूट तिच्या पायात चढवला.

‘‘सहा आठवडे हा काढायचा नाही. चालताना कुबड्या. आणि नाच बंद.’’

‘‘नाचाचं कोण बोललंय? मी सतरंजी धूत होते.’’

‘‘हेल्का, माझी आई धक्क्यावरून कॉफीला निघाली होती. वळणावरून तिनं सगळं बघितलंय.’’

हेल्कानं घसा साफ केला. ‘‘बरं. जहाजावर गेलं तर चालेल का?’’

‘‘जहाजावर बसून राहायचं असेल तर जा की. चालायचं काम जहाज करेल.’’

हे तिनं औषधाच्या चिठ्ठीसारखं मनात जपून ठेवलं.

दर सप्टेंबरात नाचणाऱ्या लोकांचं एक जहाज तुर्कूहून सकाळी पावणेनऊला सुटतं, बेटांमधून वाट काढत संध्याकाळी स्टॉकहोमला टेकतं आणि दुसऱ्या दिवशी परत येतं. लोइमाहून त्यासाठी खास बस निघते. हेल्का गेली दहा वर्षं त्या बसमध्ये तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसत होती. त्याआधी ती नाचायची नाही. तिचा नवरा काउको देवमाणूस, पण संगीत सुरू झालं की तो गाडीचं तेल तपासायला बाहेर जायचा. तो गेला, त्यानंतर वर्षभरानं धाकटी बहीण सिर्का तिला ओढत नाचाच्या हॉलवर घेऊन गेली. तिथं पहिल्याच संध्याकाळी हेल्काला कळलं की आपल्या पायांनी आजवर आपल्यापासून बरंच काही लपवून ठेवलं होतं.

‘‘यंदा तिकीट परत कर,’’ सिर्का म्हणाली. ती दाराशी उभी राहून त्या काळ्या बुटाकडे बघत होती. ‘‘मोडक्या पायानं नाचाच्या जहाजावर? दात पडलेल्यानं अक्रोड फोडायला जावं तसं झालं हे.’’

‘‘समुद्राची हवा हाडांना चांगली असते.’’

‘‘असं का? आणि त्या हवेचं नाव एन्सिओ आहे का?’’

हेल्का कुबडीच्या टोकाला लागलेला चिखल पुसत बसली, आणि तिथं चिखल नव्हता.

तर एन्सिओबद्दल. तो राउमा बंदरातला, क्रेन चालवून निवृत्त झालेला, लांबोडका, गप्प माणूस. नऊ वर्षं त्या जहाजावर तो हेल्काला वॉल्ट्झच्या नाचासाठी बोलवायचा. आता नाचाच्या हॉलची रीत अशी, की बायका एका बाजूला उभ्या राहतात आणि पुरुष दुसऱ्या. पुरुष येतो, मान झुकवतो, बाई त्याचा हात धरते, दोन गाणी होतात, मग तो तिला जिथून नेलं तिथंच आणून सोडतो आणि ‘आभार’ म्हणतो. दोनच गाणी. तिसरं गाणं त्याच माणसाबरोबर नाचलं, तर सोमवारपर्यंत अख्ख्या तालुक्याला लग्नाची तारीख हवी असते. बोलणंही फारसं नसतं, कारण नाचताना बोलणारा माणूस ताल चुकवतो. म्हणजे नऊ वर्षांत त्या दोघांत एकूण तीस-चाळीस वाक्यं झाली असतील, आणि त्यातली निम्मी ‘आज फरशी चांगली आहे’ ही होती. तिला त्याचं आडनाव माहीत नव्हतं. अरे-तुरे होतं, पण त्यात काही विशेष नाही, त्या देशात पोस्टमन मंत्र्यालाही अरे-तुरेच करतो.

मात्र गेल्या वर्षी शेवटच्या वॉल्ट्झनंतर तो तिला जागेवर सोडून दोन पावलं गेला होता, थांबला होता, आणि पाठमोराच म्हणाला होता, ‘‘पुढच्या वर्षी मग.’’

दुसऱ्या कुठल्या देशात याला निरोप म्हणतील. हेल्कानं ते वाक्य वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. राउमाच्या एन्सिओनं एवढं बोलणं म्हणजे दुसऱ्या कुणी बारा पानी पत्र लिहिण्यासारखं होतं. आणि आता आपण गेलो नाही, तर तो काय समजेल? आलो नाही म्हणजे यायचं नव्हतं, असंच समजेल. विचारणार तर नाहीच. हेल्काला जायलाच हवं होतं.

‘‘मी येते ढकलायला,’’ सिर्का शेवटी म्हणाली. ‘‘कुणीतरी साक्षीला पाहिजे.’’

बंदरावर चाकाची खुर्ची मिळाली आणि हेल्काला पहिला धक्का बसला तो सुखाचा. दीड हजार माणसांची रांग दुभंगली आणि ती राणीसारखी आत गेली. अपंगांची म्हणून जी केबिन मिळाली ती बाकीच्यांच्या दुप्पट मोठी होती, दाराला उंबरा नव्हता आणि खिडकीतून समुद्र दिसत होता. दहा वर्षं ती गाड्या ठेवायच्या मजल्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत झोपत आली होती.

‘‘हे आधी कळलं असतं,’’ ती पलंगावर टेकत म्हणाली, ‘‘तर दर वर्षी काहीतरी मोडून घेतलं असतं.’’

‘‘तोंड तेवढं सोडून,’’ सिर्का म्हणाली. ‘‘ते मोडलं तर तू जगायची नाहीस.’’

जेवणाच्या हॉलमध्ये तर कमालच झाली. तिथं पंचवीस हात लांब टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं असतं आणि आपलं आपण वाढून घ्यायचं असतं. हेल्का खुर्चीत बसली आणि सिर्का ताटं आणत राहिली. मोहरीतली हेरिंग मासळी, कांद्यातली हेरिंग, बटाटे, शेपू घातलेला सॅमन मासा, वर तळलेले मीटबॉल. एकतीस वर्षं दुसऱ्यांना वाढलेल्या बाईच्या पुढ्यात आयुष्यात पहिल्यांदा कुणी ताट आणून ठेवत होतं. शेजारच्या टेबलावरचा एक अनोळखी म्हातारा स्वतःहून उठून तिच्यासाठी ढगबेरी नावाच्या पिवळ्या रानफळाचा मुरंबा घेऊन आला आणि एक अक्षर न बोलता परत गेला. हेल्काला एकदम भरून आलं. मग तिनं हेरिंग चाखली आणि आंबट कमी आहे म्हणून नाक मुरडलं, तेव्हा सिर्काला हायसं वाटलं.

पुढं डेकवर ती घोंगडं पांघरून बसली. बेटं एकामागून एक येत होती. कुठं एकच लाल घर, कुठं धक्क्यावर वाफेच्या अंघोळीचं सौना-घर आणि धूर, कुठं एखादा कुत्रा जहाजावर भुंकून आपलं कर्तव्य करत होता. एवढ्या वर्षांत तिनं हे कधी धड पाहिलं नव्हतं, कारण ती कायम आत नाचत असायची. गरम पाण्याच्या हौदातही ती जाऊन आली. डावा पाय बुटासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून काठावरच्या खुर्चीवर ठेवला आणि बाकीची हेल्का हनुवटीपर्यंत पाण्यात. तिथल्या दोन पोरी तो पाय बघून हसल्या, तर तिनं तोच पाय हलवून त्यांना नमस्कार केला.

इथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. दुपारी एक वाजता नाच सुरू झाला.

सिर्कानं तिला फरशीच्या कडेला एका सोफ्यावर बसवलं, समोर तिवई ठेवली, तिवईवर बूट ठेवला आणि कुबड्या मागं भिंतीला टेकवल्या. बँडनं पहिला टँगो धरला. हेल्कानं निळा झगा घातला होता, उजव्या पायात नाचाचा बूट होता. तिनं समोर पाहिलं. पुरुषांच्या बाजूला खांबापाशी एन्सिओ उभा होता, करड्या कोटात, केस पाण्यानं चापून बसवलेले.

त्यानं तिला पाहिलं. मान हलवली. हेल्कानंही हलवली. मग त्यानं तिच्या पायाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि नजर छताकडे नेली.

गाणी होत गेली. पुरुष यायचे, तिच्या उजवीकडच्या बाईपुढं झुकायचे, डावीकडच्या बाईपुढं झुकायचे, आणि हेल्काच्या बुटाला वळसा घालून जायचे. सिर्का तर एकही गाणं बसली नाही. एन्सिओ खांब सोडून हलत नव्हता. सुरुवातीला हेल्काला ते बरं वाटलं. मग वाटलं, हा कुणाची तरी वाट बघतोय. मग सालो गावची एक लाल झग्यातली बाई त्याच्या आसपास घुटमळताना दिसली, आणि हेल्का हातपिशवीचा चाप उघडत-मिटत बसली. पाच पावलं यायला काय झालं होतं? नाच नको, पण ‘काय झालं पायाला’ एवढं तरी? नऊ वर्षं ज्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्या माणसाला मी बूट घातला की दिसेनाशी होते का? तिला रडू येत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. बुटाच्या आत अंगठा मात्र ताल धरून होता, त्याला मालकिणीच्या मनःस्थितीचं काही पडलेलं नव्हतं.

सिर्का घाम पुसत येऊन बसली. ‘‘तोंड का असं? आमटी करपली का?’’

‘‘खोलीवर ने मला.’’

‘‘तो आला नाही का?’’

‘‘कशाला येईल? मला वाटलं होतं... जाऊ दे. मूर्ख आहे मी. अडुसष्ट वर्षांची मूर्ख.’’

सिर्कानं तिच्याकडे पाहिलं. बहिणीला रडवेली तिनं काउकोच्या मातीनंतर पाहिली नव्हती. तिनं घड्याळ बघितलं.

‘‘तीनला बायकांची पाळी आहे,’’ ती म्हणाली.

बायकांची पाळी म्हणजे अर्धा तास रीत उलटी. बायका जाऊन पुरुषांना बोलावतात. आणि बोलावलेल्यानं नाही म्हणायचं नसतं. तो फार मोठा अपमान. कुणी ‘नाही’ म्हटलंच, तर त्यानं ते नाच संपेपर्यंत गपचूप बसून राहायचं, दुसऱ्या कुणाबरोबर उठायचं नाही.

‘‘एका पायावर जाऊ?’’

‘‘चारशे पोरांना एका पळीवर धाकात ठेवलंस. कुबड्या तर दोन आहेत.’’

‘‘आणि त्याला बोलावून करू काय? नाचता तर येत नाही.’’

‘‘ते मला विचारू नकोस. त्याच्यासमोर जाऊन उभी राहा. निदान लांबून खांबाकडे बघत अंदाज करत तरी बसायला नको.’’

तीन वाजले. बँडवाल्यानं बायकांची पाळी पुकारली आणि वॉल्ट्झ सुरू केला. भाव उतरल्यावर दुकानात शिराव्यात तशा बायका फरशी ओलांडून धावल्या. हेल्का उठली. काखेत कुबड्या घेतल्या. ठक, पाऊल, ठक, पाऊल. फरशी नुकतीच मेण लावलेली, कुबडीचं रबर कुईकुई करत होतं. साठ हात अंतर एवढं लांब असतं हे तिला दहा वर्षांत कळलं नव्हतं. निम्मी वाट झाली असेल नसेल, तोच तिला लाल झगा दिसला. सालोची बाई एन्सिओपुढं उभी होती आणि तिनं मान झुकवली होती.

हेल्का भर फरशीत थांबली. चारी बाजूंनी जोड्या फिरायला लागल्या होत्या. पुढं जायचं कारण उरलं नव्हतं आणि मागं जायला तितकीच वाट होती.

एन्सिओनं लाल झग्यावरून पलीकडे पाहिलं. त्याला निळा झगा दिसला, दोन कुबड्या दिसल्या. मग ज्या माणसानं उभ्या आयुष्यात हॉलची एक रीत मोडली नव्हती, तो त्या बाईला काहीतरी बोलला. लाल झग्याच्या भुवया वर गेल्या. ती ताडकन वळली आणि हेल्काच्या बाजूनं जाताना म्हणाली, ‘‘मला नाही म्हणाला. मला. बसायचंय म्हणे त्याला.’’

हेल्का उरलेली वाट चालली. पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. कुबड्या सांभाळत तिनं मान झुकवली, रीतसर.

‘‘येतोस का?’’

एन्सिओचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ‘‘मला येता येत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘मी आत्ताच एकीला नाही म्हटलंय. आता हा नाच मला बसून काढावा लागेल.’’

‘‘मलाही बसूनच काढायचाय.’’

त्यानं यावर विचार केला. खांबामागं दोघांपुरता बाक होता. त्यानं तिच्या कुबड्या घेतल्या, हात धरून तिला बसवलं, आणि मग आपण बसला, मध्ये वीतभर अंतर सोडून. पहिलं गाणं अर्धं झालं. 

‘‘दुखतंय का?’’ एन्सिओनं विचारलं.

‘‘दोन तासांनी विचारतोस?’’

‘‘पहिल्या गाण्यापासून विचारायचं होतं.’’ तो आपल्या बुटांकडे बघत होता. ‘‘मग वाटलं, बसलेल्या बाईला उठवायचं नसतं. बसलीय म्हणजे तिला बसायचं असेल. आपण कशाला नाक खुपसायचं.’’

‘‘मी मान हलवली होती की.’’

‘‘मीही हलवली.’’

‘‘मला वाटलं, तुला यायचं नाही.’’

‘‘मला वाटलं, तुला मी यायला नकोय.’’

दोघांनी दोन तास एकमेकांचा एवढा मान राखला होता की जहाज तेवढ्यात अर्धा समुद्र ओलांडून गेलं होतं. हेल्काला आधी आतल्या आत हसू आलं, मग ते बाहेर फुटलं, आणि एन्सिओच्या तोंडाचा एक कोपरा हलला. इतक्या जवळून तिनं तो हलताना पाहिला नव्हता. नाचताना तिला कायम त्याची टायच दिसायची.

‘‘मग आज कुणाबरोबरच का नाचला नाहीस?’’

‘‘मी वॉल्ट्झसाठी आलो होतो,’’ तो म्हणाला.

दुसरं गाणं लागलं. त्या एका गाण्यात एन्सिओ नऊ वर्षांत बोलला नव्हता तेवढं बोलला. बायको सोळा वर्षांपूर्वी गेली, घरामागं सफरचंदाची चार झाडं आहेत, यंदा एवढी लागलीत की शेजारी त्याला बघून दार लावून घेतात. हेल्कानं ब्रश आणि टँगोची खरी हकीकत सांगितली, पूर्ण, कुणालाही सांगितली नव्हती तशी. एन्सिओनं ती गंभीरपणे ऐकली.

‘‘गिरकी कुठल्या पायावर घेतलीस?’’

‘‘डाव्या.’’

‘‘ब्रशनं धरायला हवं होतं तुला,’’ तो म्हणाला.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. सगळीकडे पुरुष बायकांना जागेवर सोडायला निघाले, आणि एन्सिओ उठला. दोन गाणी झाली होती. रीत ती रीत. हेल्कानं कुबड्यांसाठी हात पुढं केला.

पण तो कुबड्यांना हात न लावताच निघाला. करडा कोट रिकाम्या होत चाललेल्या फरशीवरून सरळ पलीकडे गेला, तिच्या सोफ्यापाशी थांबला, खाली वाकला. त्यानं तिवई उचलली. हेल्काची हातपिशवी तिवईवर ठेवली. आणि सगळ्या हॉलच्या देखत, लोइमाच्या अख्ख्या बसच्या देखत, तो ती तिवई छातीशी धरून परत आला. बँडवाला गाणं सुरू करायचं विसरून बघत राहिला होता.

त्यानं तिवई बाकासमोर ठेवली. हेल्काचा पाय दोन्ही हातांनी, क्रेननं काचेचं सामान उतरवावं तसा, उचलून वर ठेवला. मग तो बसला. यावेळी मध्ये वीतभर अंतर नव्हतं.

तिसरं गाणं सुरू झालं. सिर्का कुणाच्या तरी हातात हात देऊन समोरून गेली आणि इतकी वळून वळून बघू लागली की तिनं जोडीदाराच्या पायावर पाय दिला.

हेल्का तिवईवरच्या बुटाकडे बघत म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी मग?’’

गाणं मध्यावर आलं होतं.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘वर्ष फार होतं. मी शनिवारी सफरचंदं घेऊन येतो.’’